खांडेगडच्या घाटावरचं हसू

प्रिय कोलू,

जय सेवा. हे पत्र सरिताबाईच्या हाती देतो आहे. तिची टोळी मिरची तोडायला खम्ममकडे निघाली आहे आणि तू कोणत्या शेतावर असतोस ते तिला माहीत आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस आणि नंतर आपल्या मनाचंच करतोस. डाव्या हाताने कागद दाबता येत नाही म्हणून वर नदीतला गोटा ठेवला आहे. एखादी ओळ वाकडी गेली असेल तर गोटा सरकला असं समज.

तुला तिकडे कळलं असेल किंवा नसेल, टीव्हीवरची आपली ‘खांडेगड’ मालिका परत येते आहे. शिमगा झाला की पहिला भाग. इथे दुसरा विषयच नाही. सिंदेवाहीच्या न्हाव्याने पाटी लावली आहे, ‘कुऱ्हाडवाला कटिंग करून मिळेल’. म्हणजे तुझे ते ओले, कपाळावर चिकटलेले केस. पोरं तसे कापून घेतात आणि वर तेल लावून ओले दाखवतात. ब्रह्मपुरीहून कॉलेजची मुलं मोटरसायकलींवर येतात, आपल्या मोहाच्या झाडाखाली फोटो काढतात, घाटाचं पाणी बाटलीत भरून नेतात. एकाने दंडावर तुझं तोंड गोंदून घेतलं आहे, अर्ध्या तुटलेल्या दातासकट. त्याने मला विचारलं, कुऱ्हाडवाल्याचं घर कोणतं. मी तुमच्या टोल्याकडे, त्या बाजूच्या वस्तीकडे, बोट दाखवलं. त्याने माझ्या हाताकडे बघून विचारलं, दादा तुम्हाला काय झालं. मी म्हणालो, शूटिंगमध्ये लागलं. तो हळहळला आणि पुढे गेला. ज्या माणसाला तू त्या पडद्यावर तोडलंस तो त्याच्यासमोर उभा होता, हे त्याला कसं कळावं? त्या दृश्यात माझी फक्त पाठ दिसते.

सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं आहे, कुऱ्हाडवाला जगला की मेला. शेवटच्या भागात राणी मानकुंवर घाट ओलांडून जाते, मागे दिवाणाची फौज पाण्यात उतरते, आणि मधे एकटा तू. एक शिपाई तुझ्यावर धावतो. तू हसतोस, त्याला खांद्यात तोडतोस, पाणी लाल होतं, आणि मग तू तसाच उभा राहतोस, डोळे न हलवता. तिथे पडदा काळा. लोक म्हणतात, काय तो निर्धार. काय ते हसू, मरणापुढे हसणारा माणूस. एका पेपरात तर लिहून आलं की या मालिकेतला सगळ्यात मोठा नट तो आहे ज्याचं नाव कोणालाच माहीत नाही.

मी ते दृश्य पुष्कळदा बघितलं आहे. आधी बघवत नव्हतं, आता बघतो. तुला ते कोणी पुन्हा दाखवलं नसेल म्हणून तुझ्या बाजूने काय झालं ते मीच लिहितो. दुपारी सगळे जेवायला बसलो तेव्हा तुम्ही टोल्याच्या लोकांनी नेहमीप्रमाणे कुऱ्हाडी मोहाच्या फांदीला अडकवल्या, कारण जेवणाच्या पानाजवळ तुम्ही लोखंड ठेवत नाही. शूटिंगच्या युनिटने दिलेल्या फायबरच्या कुऱ्हाडीही तिथेच अडकवल्या. रंगवणाऱ्याने त्या इतक्या हुबेहूब रंगवल्या होत्या की गंजाचे डागसुद्धा होते. शिटी वाजली, सगळे धावले, हाताला आली ती कुऱ्हाड तू घेतलीस. शहरातल्या नटाच्या हातात ती आली असती तर तो वजनानेच थबकला असता. तुझ्या हाताला लहानपणापासून तेच वजन ओळखीचं. फायबरची हातात घेतलीस की तूच म्हणायचास, ही तर बोरूची काडी वाटते. त्या दिवशी तुझ्या हाताला काहीच वेगळं वाटलं नाही, कारण वेगळं काही नव्हतंच.

वार बसला तेव्हा मला आधी फक्त थंड वाटलं, बर्फाची लादी खांद्यावर ठेवावी तसं. मग आवाज आला. ओल्या सागाच्या बुंध्यावर घाव बसतो तसाच, आणि तो माझ्याच आत झाला हे नंतर कळलं. तोंडात पाणी गेलं, ते खारट लागलं. हाड बाहेर आलेलं मी स्वतः बघितलं, पांढरं, ताडगोळ्यासारखं स्वच्छ. वरून कोणीतरी ओरडत होतं की कॅमेरा बंद करू नका. त्यांना वाटलं मी फार छान काम करतो आहे. तू कुऱ्हाडीकडे बघत होतास. लोक ज्याला निर्धार म्हणतात तो हा.

त्यानंतरचं तू बघितलं नाहीस, कारण तू पाण्यातूनच जंगलात निघून गेलास. बरंच झालं. मला गाडीत घातलं आणि इकडे आमच्या वस्तीचे लोक, अंगावर दिवाणाच्या फौजेचे अंगरखे तसेच ठेवून, टोल्यावर चालून गेले. पुढे माझा थोरला भाऊ, अजयभाऊ. तू सापडला नाहीस म्हणून त्याने तुझ्या बापाला, सुकलूभाऊंना, अंगणात ओढलं आणि बांबूने त्यांची नडगी फोडली. मारताना तो मोजके शब्दच परत परत बोलत होता, ‘पोरगा कुठी हाये, सांग. पोरगा कुठी हाये.’ तुझी आई मधे पडली, तिच्या हाताचं बोट मोडलं. टोल्याचे लोक राणीच्या फौजेच्या कपड्यांत धावून आले. अजयभाऊचे पुढचे दात गेले, कानाची पाळी फाटली. एकाने तुमच्या गोठ्याला काडी लावली, आत बांधलेली गाय जळताना ओरडत होती आणि कोणी दावं कापायला गेलं नाही. युनिटवाल्यांना बराच वेळ वाटत होतं की लोक उद्याच्या लढाईचा सराव करत आहेत. हे मला आईने दवाखान्यात सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

पोलिसांना मी शुद्धीवर येताच सांगितलं की अपघात होता. कागदावर ते तसंच आहे. पण अजयभाऊच्या मनात तसं नाही. बाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलं हे तुला माहीत आहे. पोलीस भरतीसाठी तो मला रोज पहाटे सायकलवर बसून पळवायचा, मी पुढे आणि तो मागून शिव्या घालत. आता डावा हात खांद्याच्या वर जात नाही. भरतीचा विषय घरात कोणी काढत नाही, त्याने माझे पळण्याचे बूट तेवढे पुसून फळीवर ठेवले आहेत. त्या दिवशी सकाळी तू सगळ्यांसमोर मला म्हणाला होतास, ‘मिथ्या, आज तुले उभा चिरतो बे. घरी सांगून ये.’ सगळे हसले होते, अजयभाऊही हसला होता. तेच शब्द आता तो पुरावा म्हणून सांगतो. आणि दुसरा पुरावा म्हणजे तुझं हसू. मोबाइलवर ते दृश्य तो तिथेच थांबवतो आणि माझ्यासमोर धरतो. म्हणतो, ‘हे पाय. चूक झालेला माणूस असा हासते का? तुले तोडाच्या आंधी हासला तो.’

मी त्याला खरं सांगितलं. म्हणालो, भाऊ, माझी खोटी मिशी सुटली होती. पाण्यात उतरलो, डिंक भिजला, आणि मिशी एका बाजूने ओठावर लोंबायला लागली. ती फुंकून वर करायचा मी प्रयत्न करत होतो, ते बघून कोलूला हसू फुटलं. कॅमेरा माझ्या पाठीमागे होता, म्हणून जगाला हसू दिसतं आणि मिशी दिसत नाही. तो म्हणाला, ‘लहानपणापासून त्याले वाचवतं तू. अजून वाचव.’ दुसऱ्या कोणाजवळ सांगायची सोयच नाही. तो हसला ते मिशीला, असं सांगितलं तर मालिकेचे चाहते मला मारतील आणि आपले लोक मला वेडा म्हणतील. हे जगात दोघांनाच माहीत आहे, तुला आणि मला.

मधल्या काळात गाव शांत होतं, निदान दिसायला. मग नव्या भागांची जाहिरात आली. ती चौकातल्या टीव्हीवर लागली तेव्हा दोन्हीकडचे लोक जमले होते, आमचे या बाजूला, टोल्याचे त्या बाजूला, मधे रिकामी जागा. तुझं तोंड पडद्यावर आलं आणि टोल्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आमच्याकडून पहिला दगड गेला. टोल्याच्या लोकेशच्या डोक्याची कातडी अशी सुटली की केसांसकट डोळ्यावर आली. त्याला तीन-चार जणांनी धरलं होतं तरी तो दगड शोधत होता. आमच्या बाजूच्या प्रफुलच्या मांडीत कोणीतरी विळा खुपसला. टीव्ही फुटला, तरी फुटलेल्या टीव्हीतून मालिकेचं गाणं चालूच होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्त्यांनी मिळून नवा टीव्ही आणला. भांडण राहील तिथे राहील, पण पहिला भाग चुकायला नको, यावर एकमत आहे.

आता मुख्य गोष्ट. युनिट गावात आलं आहे आणि तुला शोधतं आहे. टोपीवाले दिग्दर्शक साहेब टोल्यावर जाऊन तुझ्या आईला सांगून आले की पोराला बोलवा, यावेळी त्याला नाव मिळेल, बोलायला वाक्यं मिळतील. पहिल्याच भागात घाटावर पुन्हा लढाई आहे. दिवाणाचा एक शिपाई आपल्या भावाचा सूड घ्यायला कुऱ्हाडवाल्यावर चालून येतो, असं त्यांनी लिहिलं आहे. ते त्यांनी आपल्या मनाने लिहिलं, त्यांना इथलं काही माहीत नाही. त्या शिपायाच्या कामासाठी पुष्कळ जण गेले होते. ते अजयभाऊला मिळालं. तुटलेले दात आणि फाटका कान बघूनच साहेब खूश झाले.

त्या दिवसापासून तो शांत आहे. जेवतो, आईशी नीट बोलतो. परसात बसून आपल्या घरची कुऱ्हाड पाजवतो, अंगठ्याने धार बघतो आणि पुन्हा पाजवतो. मी विचारलं, कशाला. म्हणाला, ‘लाकडं फोडाले.’ लाकडं आपल्याकडे फोडलेली पडून आहेत. काल त्याने युनिटच्या रंगवणाऱ्याकडून थोडा रंग मागून आणला आणि पात्यावर गंजाचे डाग काढले. फायबरच्या कुऱ्हाडींवर असतात तसे.

तुझ्या आईचा निरोप तुला पोचला असेल, आणि तू गाठोडं बांधलं असशील. म्हणून लिहितो, येऊ नको. तुझी जागा मी घेतली आहे. साहेबांना सांगितलं, कोलू सापडत नाही, त्याची आणि माझी उंची एक, शाळेत मास्तरसुद्धा एकाचा मार दुसऱ्याला द्यायचे. तोंडाला काजळी फासली, केस ओले केले, पुढच्या दातावर काळं मेण लावून अर्धा दात बुजवला. आरशात मला तूच दिसलास. डाव्या खांद्यावर राणीच्या फौजेचं घोंगडं येतं, हात लपतो, आणि कुऱ्हाड उजव्या हातात असते. माझी फायबरची आहे, मी ती पुन्हा पुन्हा उचलून बघितली. अजयभाऊला यातलं काही ठाऊक नाही. तो समजतो तू गुपचूप आला आहेस आणि थेट घाटावर उतरणार आहेस. तुला वाटेल मी त्याला आधीच का सांगत नाही. सांगितलं तर तो कुऱ्हाड खाली ठेवेल, पण ती तुझ्यासाठीच ठेवून देईल, आज नाही तर पुढच्या वर्षी. त्याला सांगून समजत नाही, त्याने बघायलाच पाहिजे. दिवाणाच्या फौजेला याही वेळी मिशा आहेत आणि डिंक तोच आहे, मी डबी बघितली. पाण्यात उतरला की त्याचीही मिशी सुटेल, लोंबेल, दात नसल्यामुळे त्याला ती फुंकताही येणार नाही. आणि मला हसू येईल. मला माझ्या भावाचं तोंड माहीत आहे, मी रोखायचं म्हटलं तरी रोखू शकणार नाही. ते हसू त्याने समोरून बघावं, कुऱ्हाड वर उचललेली असताना, आणि हे कोणाचं हसू आहे ते ओळखावं. रात्री झोप लागत नाही, पण याच्यापेक्षा चांगलं मला काही सुचलं नाही. तुमच्या शेतावरच्या मुकादमाकडे टीव्ही आहे असं सरिताबाई म्हणते. शिमग्यानंतरचा पहिला भाग बघ. कुऱ्हाडवाला हसला आणि पुढच्या दृश्यात चालत राणीकडे गेला, तर त्याच दिवशी बसमध्ये बस आणि घरी ये. सुकलूभाऊ काठी टेकत रोज फाट्यापर्यंत येतात, त्यांना फार चालायला लावू नको. आणि तो हसला नाही, किंवा हसल्यावर पडदा पुन्हा काळा झाला, तर तिकडेच राहा आणि हे पत्र चुलीत घाल. तोपर्यंत इतर सगळ्यांसारखीच मलाही त्या भागाची वाट बघायची आहे.

तुझ्याच तोंडाची काजळी फासलेला, तुझाच,
मिथुन