गोड लागलं की हात वर करा

सोमवार, ६ फेब्रुवारी १९५६. बारामती

बायकांच्या वॉर्डात नवीन पेशंट. गाव बावडा. दम लागलेला, पाय सुजलेले, आडवं होता येत नाही, पाठीला तीन उशा. केसपेपरवर नाव लिहिताना हात थांबला. माझी सासू. बारा वर्षांनी.

तिनंही ओळखलं. भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, "दुसरी नर्स न्हाय का हितं?"

नाही, आत्याबाई. दिवसपाळीला मीच.

बुधवार, ८ फेब्रु.

पुण्याच्या डॉक्टरांचं संशोधन. हृदय थकलेला एक पेशंट आणि त्याच वयाचं, त्याच भागातलं एक निरोगी माणूस, अशा जोड्या लावतात. शिरेत सॅकरिनचं इंजेक्शन द्यायचं. जिभेवर गोड लागलं की पेशंटनं हात वर करायचा. रक्त किती वेगानं फिरतं ते घड्याळावर कळतं. आत्याबाईंना (आ.बाई) एकतीस सेकंद लागले. चांगल्या माणसाला बारा-पंधरा पुरतात. आजपासून तिला हृदयाची गोळी सुरू.

तिच्या जोडीला निरोगी बाई मिळेना. धडधाकट बाईला खाटेवर निजवायचं म्हटलं की घरचे अंगावर येतात. आयाबाई सांगत होती, चांगल्याची ताकद काढून आजाऱ्यात घालतात असं बाजारात बोलतात.

मी म्हटलं, "सर, माझी आई आहे इंदापूरला. पंचावन्नची. अजून माळवं खुरपते."

डॉक्टर म्हणाले, फार उपकार झाले. उपकार कसले डोंबलाचे. विहीण कशी टणटणीत आहे ते बघू दे तिला.

शनिवार, ११ फेब्रु.

आई एस.टी.नं आली. खाट आ.बाईंच्या शेजारीच लावली, मीच लावली. दोघींना जेवण सारखंच, अळणी. आई म्हणते, "अगं, म्या काय पाप केलंय? आमटीत मिठाचा खडा तरी टाक." आ.बाईंनी ताट स्वच्छ केलं.

आधी आईची तपासणी. बारा सेकंद. मग आ.बाई. चौदा.

डॉक्टर म्हणाले, गोळी छान लागू पडली. मी संध्याकाळी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच, भरून येईना. दम तसाच. मग चौदा कसे?

मंगळवार, १४ फेब्रु.

हेच मळणीचे दिवस. माझी शकू तेव्हा आठ महिन्यांची होती, तापानं फणफणलेली. म्हटलं गाडी जुंपा, इंदापूरला डॉक्टरकडे नेते. आत्याबाई खळ्यावरून म्हणाल्या, "पोरीच्या जातीला काय हुतंय? बैल मळणीला हायती." हिचा लेक मान खाली घालून उभा. शकू पहाटे गेली. तेराव्या दिवशी मी घर सोडलं ते परत उंबरा चढले नाही.

विसरलेली नाही मी. एक अक्षर नाही.

आज आईनं गरम पाणी मागितलं. म्हणाली, विहीणबाईंचे पाय शेकते. माझ्या लग्नात आई हेच पाय धुवायला बसली होती. पाणी गार आहे म्हणून हिनं भर मांडवात ताटातून पाय उचलला, पाणी पुन्हा तापवून आणायला लावलं. आज आई म्हणाली, "ह्या खेपंला कोमट हाय बघा." चिडवत होती की मनापासून, मला कळलं नाही. आ.बाईंनी डोळे मिटून घेतले.

शुक्रवार, १७ फेब्रु.

कळलं.

आईची तपासणी चालते तेव्हा आ.बाई चादरीखाली बोटं मोजते. आईचा हात कितव्याला वर जातो ते धरून ठेवते. आपली पाळी आली की तेवढंच मोजून हात वर. विहिणीपुढं हार घ्यायची नाही.

खात्री करायला आज मी तिच्या सिरिंजमध्ये सॅकरिन भरलंच नाही. नुसतं सलाइन. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. तेराव्या सेकंदाला हात वर. "लागलं ग्वाड."

हसू दाबताना ओठ चावला मी. आता सापडलीस.

सोमवार, २० फेब्रु.

डॉक्टर खूश. शनिवारी घरी सोडतो म्हणाले, गोळी निम्मी करतो. मला विचारलं, "सूज?"

"कमी आहे, सर."

सहज निघालं तोंडातून. निम्म्या गोळीवर ही चैत्र बघायची नाही, हे मला माहीत आहे. मी काहीच करायचं नाही. तिनं तरी काय केलं होतं? फक्त बैल सोडले नाहीत.

दोन घास जास्त जेवले आज.

गुरुवार, २३ फेब्रु.

राहवलं नाही. आई न्हाणीत गेली तेव्हा आ.बाईंच्या कानाशी वाकून म्हटलं, "शुक्रवारी सुईत सॅकरिन नव्हतंच, आत्याबाई."

वाटलं घाबरेल, हाता-पाया पडेल. याच घटकेसाठी बारा वर्षं काढली मी. ती म्हणाली, "आसंल. तुझी आई आल्यापास्नं म्या ग्वाड लागायची वाट बघितलीच न्हाय."

"मरशील घरी जाऊन."

"ठावं हाय. तुझ्या आईम्होरं मरायचं न्हाय मला." दम खात बसली. मग म्हणाली, "पोरीचा ताप सकाळपतुर उतरंल, आसं वाटलं हुतं मला."

बारा वर्षांत पहिल्यांदा शकूबद्दल बोलली. आणि लगेच माझं मनगट धरलं. "डाक्टरला सांगू नगंस. येवढं कर."

हात झटकून टाकला. माझ्याकडे मागते. मलाच. सटवी मेली. शकूसाठी मी हिचे पाय धरले होते.

शनिवार, २५ फेब्रु. सकाळ

रात्रभर डोळा नाही.

बोलले तर पूर्ण गोळी चालू राहील, जगेलही. माझ्या आईशेजारी, माझ्या हातचं अळणी खात, मनाविरुद्ध. गप्प बसले तर मरेल, पण तिच्या मनासारखं. मला तिच्या मनासारखं काहीच होऊ द्यायचं नाही. आणि तिला जगवायचंही नाही.

तिचा लेक आलाय न्यायला. तिला एस.टी.चे हादरे सोसायचे नाहीत म्हणून बावड्याहून बैलगाडी आणली. दोन दिवसांची वाट. गाडीत गवताची गादी, वर घोंगडी. लिंबाखाली बैल सोडलेत, वैरण खातायत. ऐन मळणीत.

मी खिडकीतून त्या बैलांकडे बघत उभी होते. किती वेळ, कोण जाणे. आईनं हाक मारली तेव्हा भानावर आले.

केसपेपर समोर आहे. 'सूज' लिहिलंय, पुढची जागा कोरी. डॉक्टरांची मोटार फाटकात आली. आल्या आल्या मला तेच विचारतील.