खुंटीवरचा बिल्ला

आदरणीय डॉक्टरसाहेब,

तुमच्या अणुवीज केंद्रातल्या वेल्डरची मी बायको. काल तुम्ही ह्यांना म्हणालात, "तीन महिन्यांत थोडंसंच रेडिएशन लागलंय, मर्यादेच्या आत. बिनघोर काम करा." हे हसत घरी आले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

कारण रेडिएशन मोजणारा ह्यांचा बिल्ला तीन महिने कामावर गेलाच नव्हता. आकडा भरला की कामावरून बाजूला काढतात, म्हणून हे तो घरीच ठेवतात. मुकादम काणाडोळा करतो. बिल्ला असतो स्वयंपाकघरातल्या खुंटीवर. कामाच्या पोशाखाच्या आत घालायचा लोकरी स्वेटर केंद्राच्या धुलाईत आटतो, म्हणून हे तो चोरून घरी आणतात आणि त्याच खुंटीला अडकवतात. मीच धुते.

मग बिल्ल्याला लागलं ते त्या स्वेटरचं, आमच्या घरातलंच ना? खुंटीखाली लेकीचा पाळणा आहे, साहेब. चार महिन्यांची आहे.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "थोडंसंच आहे ना? उगाच बोभाटा करू नकोस." मी बोलले तर ह्यांची नोकरी जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. स्वेटर मी आज जिन्याखाली टाकला. पाळणा हलवायला दुसरी खोली नाही.

हे पत्र पिठाच्या डब्याखालीच राहणार. आज ह्यांनी नवा बिल्ला आणून खुंटीला लावला. मी काढला नाही. घरात निदान मोजणारं कुणीतरी असू दे.

तीन महिन्यांनी आकडा तुमच्यासमोर येईल. नाव ह्यांचं असेल. तुम्ही तो माझ्या लेकीचा म्हणून वाचा.

तुम्ही कधीच न तपासलेल्या मुलीची,
आई