आईला कळलं होतं

१७ फेब्रुवारी

चि. चिमणे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, छोटीला पापा. माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण इस्त्री उभ्यानेच करायची असते, त्याला सांगून काय उपयोग! दुकान चालू आहे. वरच्या मजल्यावरच्या मॅडम आपल्या साड्या अजून माझ्याकडेच देतात आणि प्रत्येक वेळी तुझी चौकशी करतात.

परवा फोनवर तू रडत म्हणालीस, "बाबा, आईला काहीच न कळता ती गेली. मी तिला फसवलं." मी नुसतं 'हं' म्हटलं आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं गं. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून लिहितोय.

तिकडे परदेशात वाढणाऱ्या छोटीला मराठी येत नाही म्हणून तुझी आई मॅडमकडे इंग्रजी शिकायला जायची. तुला सांगायचं नव्हतं, एकदम चकित करायचं होतं. मॅडम एकेका अर्थाचे शब्द एकत्र शिकवायच्या. एकदा पसरण्याचे शब्द निघाले, आणि माझी धडगत राहिली नाही. मी टेबलावर चादर टाकली की ही म्हणणार, "स्प्रेड." पाणी मारलं की, "स्प्रिंकल." एकदा बटणांचा डबा हातातून निसटला. ही कमरेवर हात ठेवून, "स्कॅटर!" मी म्हटलं, "बाईसाहेब, आधी गोळा करा, मग शिकवा." किती हसली होती!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या पोटाचे रिपोर्ट आले. डॉक्टरांच्या खोलीत तू स्पीकर लावलेल्या फोनवर होतीस. आईला कळू नये म्हणून तू आणि डॉक्टर इंग्रजीत बोलत होतात. मला काही समजत नव्हतं, मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होतो. मग तू मराठीत म्हणालीस, "आई, थोडी सूज आहे. गोळ्यांनी उतरेल."

ती म्हणाली, "उतरेल गं. तू जेवलीस का?"

बाहेर आल्यावर लिफ्टपाशी ती थांबली. "अहो, स्प्रेड झालंय."

"काय?"

"माझ्या पोटातलं. पसरलंय. डॉक्टर दोनदा म्हणाले."

मी म्हटलं, "तू चादरीचं शिकलीस. आजाराचं वेगळं असेल."

"मॅडमना विचारते," म्हणाली, आणि खरंच विचारायला गेली. मीही मागोमाग गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी तुला लगेच फोन लावत होतो. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "लेकीला एवढं खोटं बोलायला किती कष्ट पडले असतील, कळतंय का तुम्हाला? ते वाया घालवायचे नाहीत." तुला सांगणार नाही असा शब्दच घेतला माझ्याकडून. मग तू रोज फोन करून 'आज आवाज किती छान वाटतोय' म्हणायचीस, आणि ती 'हो, बरंच हलकं वाटतंय' म्हणायची. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायची. मी पाय चेपत बसायचो. आम्ही दोघं बोलायचो गं, सगळं बोललो. ती एकटी नव्हती.

तू येऊन पोचलीस तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. पण त्याच्या आदल्या आठवड्यातला फोन आठव. तिने छोटीला मागून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम गोइंग. यू बी गुड." तुला वाटलं, मी कुणालातरी विचारून तिच्याकडून पाठ करून घेतलंय. तू हसून म्हणालीस, "आई, नुसतं गोइंग नाही, गोइंग टू स्लीप म्हणायचं!"

"हो, तेच," ती म्हणाली.

वाक्य चुकलं नव्हतं, चिमणे. तुम्हा दोघींचा निरोप घेऊन झाला होता तिचा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हसली बघा. किती दिवसांनी हसली!"

तिला दिलेला शब्द आज मोडतोय. असती तर अबोला धरला असता माझ्याशी. तोही चालला असता मला.

स्वतःला दोष देऊ नकोस. जेवत जा. आणि फोन केलास तर मी आता खोटं गिऱ्हाईक आणणार नाही.

तुझा, घरात एकटाच उरलेला,
बाबा