अण्णांच्या गाण्यात टिकल्या

४ जानेवारी
प्रॅक्टिस झाली, म्हणजे भांडण झालं. आमच्या सारसोळे कोळीवाड्यातल्या घरावरचीच खोली, सोळा वर्षं इथंच वाजवतोय. सदानं गिटार खाली ठेवली. "आता चमकी बास. चाळिशी उलटली लका, अजून काजळ घालून उड्या मारतोय आपण." रेश्मानं ड्रममागून मान डोलावली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिची पोरं आमचे व्हिडिओ बघून हसतात म्हणे. तर 'चकाकी' हा नवी मुंबईचा एकमेव ग्लॅम रॉक बँड आता गंभीर होणार. काळे शर्ट, हळू गाणी.
ठीक आहे. पण माझ्या आयला कोण सांगणार? ती खाली माझ्या नवीन जाकिटाला टिकल्या लावत बसलीय.

७ जानेवारी
सदानं गाणं आणलं. त्याच्या अण्णांवर. अण्णा मार्केटात माथाडी, कांद्याच्या गोणी वाहिल्या जन्मभर. गेल्या फेब्रुवारीत गेले. वर्षश्राद्धाला, साताऱ्याकडच्या गावी, सदाच्या आईला ऐकवायचंय. दोनदा वाचलं. घरी आल्यावर अण्णा भिंतीला पाठ टेकायचे नाहीत, दुखायची म्हणून. बस, एवढंच आहे गाण्यात.
मला असलं कधी सुचणार नाही. जळलो थोडा. इथं खोटं कशाला लिहू.

११ जानेवारी
अरे देवा. 'पाठ टेकली नाही' या ओळीवर मी डोळा मारला. सोळा वर्षांची खोड, कडवं संपलं की पब्लिकला डोळा. समोर पब्लिक नव्हतं, सदा होता.
"नंद्या, माझ्या मेलेल्या बापावर डोळा मारतोस?"
रेश्माला हसू आवरेना, मग तीच रडायला लागली. सदा चहा न घेता गेला.

१२ जानेवारी
फोन करून माफी मागितली. सदा म्हणाला, "तू नाही गायलास तर राहू दे ते गाणं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको मला." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ जानेवारी
काळ्या शर्टात कंठच फुटत नाही. रेशन दुकानात नंबर पुकारल्यासारखा आवाज. सदा नुसत्या तारा लावत बसतो. तीन आठवडे उरलेत.

२५ जानेवारी
रेकॉर्डिंग. आज गायलो! एकदम कडक. सदाचे डोळे भरले. पण हेडफोन लावले तर मागे बारीक किणकिण. रेश्मानं झांजा उतरवल्या, पंखा बंद केला, वायरी बदलल्या. खालचा मासळीनं भरलेला फ्रिजसुद्धा बंद करायला लावला. आय ओरडली, "माजं मावरं नासंल रं!" तरी किणकिण आहेच. शेवटी रेश्मानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "नंदू, हे काय?"
ढगळ शर्टाच्या आत जुनं, बिनबाह्यांचं टिकल्यांचं जाकीट.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. सदा म्हणाला, "काढ." काढलं. मग एक ओळ धड गाता येईना.

२६ जानेवारी
आयला सगळं सांगितलं. म्हटलं, टिकल्या उसवून दे, नुसतं जाकीट घालीन.
"नाय सुटनार. जालीची गाठ हाय ती."
बाबांचं जाळं दुरुस्त करायची तीच सुई, तोच दोरा. सोळा वर्षांत एक टिकली गळली नाही ती यामुळे होय! मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.
म्हणाली, गाणं तरी ऐकव. ती कोलंबी सोलत होती, मी ओट्याशी उभा, बनियनवर. संपलं तेव्हा तिचे हात थांबले होते.
"सदाचे अन्ना ना? तुमचा पयला स्पीकर त्यांनीच वर आनलेला. एकट्यानं, पाठीवं. पानी पन नाय घेतलं."
साफ विसरलो होतो. तो स्पीकर अजून वर आहे. त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि रडलो, चांगला हमसून. जाकिटाशिवाय गायलो हे तेव्हा लक्षात आलं.

१ फेब्रुवारी
झालं! रेकॉर्डिंगच्या पहिल्याच टेकमध्ये. आत फक्त बनियन, शप्पथ. हाताचं काय करू कळेना, म्हणून स्पीकरवर ठेवला. नंतर सदाला स्पीकरची गोष्ट सांगितली. त्याला माहीत होती. "तूच विसरलावतास लका," म्हणाला आणि पाठीत गुद्दा घातला. किती दिवसांनी घातला.
रेश्मानं विचारलं, किणकिणवालं पुसू का?
सदा: "असू दे."

७ फेब्रुवारी
उद्या श्राद्ध. सदा कालच गावी गेलाय. दुपारी त्याचा फोन. त्यानं आईला दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकवली. साधं ऐकून पुष्कळ रडली. मग म्हणाली, ते वाजतंय ते परत लाव. "त्यात चमकीवाला पोरगा हाय. ह्यांना त्यो लई आवडायचा." आता तिला उद्या समोर बसून ऐकायचंय, सगळ्या भावकीत.
"काय घालून गाशील?" सदा.
"तू सांग."
"मला न्हाई कळत रे."

रेश्मा गाडी घेऊन सकाळी लवकर येणार. आयनं काळ्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. जाकिटाला इस्त्री चालत नाही, ते ओल्या फडक्यानं पुसून शेजारी ठेवलंय. विचारलं, कुठलं घालू?
"मना काय इचारतस? गानार तू."
दोन्ही पिशवीत भरलीत.