पट्टा कमरेला असेपर्यंत

मी औरेलियस मुकापोर, वय छत्तीस, जन्माने थ्रेसचा, बाप मेंढपाळ, स्वतः अठरा वर्षे सम्राटांच्या फौजेत, मुक्काम डॅन्यूबकाठची छावणी, पूर्ण शुद्धीवर राहून ही शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने मेणाच्या पाटीवर लिहितो. कोणाचे दडपण नाही असेही लिहायची रीत आहे. तेवढे मला लिहवत नाही.

उद्या सम्राटांचा उत्सव. मूर्तीपुढे पहिला धूप मी टाकावा असा हुकूम आहे. मी ख्रिस्ताचा आहे, मी टाकणार नाही. तिथेच फौजेचा कंबरपट्टा सोडून ठेवीन. पट्टा सुटला की मी शिपाई नाही, आणि शिक्षा झालेल्याचे सगळे सरकारजमा होते. म्हणून आज, पट्टा कमरेला असताना लिहितो. शिपायाने शिपाई असताना धुळीत बोटाने लिहिले तरी कायदा ते मानतो, मागून त्याला शिक्षा झाली तरी.

एक. माझी दासी झिया माझ्या मरणाच्या क्षणापासून मोकळी. नदीकाठची खोली, दोन शेळ्या आणि साठवलेला पगार तिचा. कायद्याने तिला बायको म्हणता आले नाही. नऊ वर्षे मी दुसरे काही म्हटलेले नाही. काल ती म्हणाली, "तुमच्या देवाला तुम्ही हवे झालात, ठीक. मग मला बाजारात कोण घेणार, तेही त्यालाच विचारून ठेवा." माझे उत्तर हे कलम आहे.

दोन. धार लावायचा दगड बिथस लोहाराला. सकाळपासून तो एकच लांब तलवार घासतो आहे. कोणासाठी, हे त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि तो माझ्याकडे बघत नाही.

तीन. माझे जुने कांबळे माझ्याबरोबर पुरावे. तुरुंगावर पहाऱ्याला असताना एका म्हाताऱ्या ख्रिस्ती कुंभाराने, मी कुडकुडतो म्हणून, ते गजांतून मला दिले. सकाळी त्याला मारायला मीच बाहेर नेले. माझे सगळे तिथून सुरू झाले.

चार. हातजाते तार्साला. एका तंबूत अकरा वर्षे समोरासमोर बसून आम्ही दळले. मी प्रार्थना करतो हे नायकांच्या कानावर त्यानेच घातले. त्याला वाटले, दोन फटके बसतील आणि मी ताळ्यावर येईन. आज म्हणतो, "अरे, चिमूटभर धूप तर टाकायचाय! आम्ही काय मनापासून टाकतो? टाक आणि ये, मसूर शिजवून ठेवतो." मी त्याला माफ केलेले नाही. सकाळपर्यंत जमावे अशी प्रार्थना करतो आहे. जाते जड आहे, एकट्याने ओढताना त्याला कळेल.

तरी साक्षीला त्यालाच बोलावले आहे. पट्टा आधीच सुटला होता, मृत्युपत्र खोटे आहे, असे उद्या कोणीतरी म्हणेल, आणि झियाला बाजारात उभी करतील. माझ्या मित्रांचे तिथे कोणी ऐकणार नाही. माझी चुगली करणाऱ्याचे ऐकतील.

छावणी, डॅन्यूबकाठ. उत्सवाचा आदला दिवस, नोव्हेंबर महिना, दिवस मावळण्यापूर्वी.

औरेलियस मुकापोर, शिपाई

साक्षी:

बिथस, लोहार. लिहिता येत नाही, अंगठीचा शिक्का मारला आहे.

तार्सा, शिपाई. मुकापोरने लिहिले तेव्हा पट्टा त्याच्या कमरेला होता. मी पाहिला. मला चाबकाखाली घेतले तरी हेच सांगेन. जाते मी ठेवून घेतो.