केशरी पाण्याच्या कडेला

१४ जानेवारी, अप्पर हट, न्यूझीलंड

रात्रीचे आठ वाजत आले तरी ऊन आहे. शेजारी बार्बेक्यू चाललाय. ब्रेंडाने कुंपणावरून बोलावलं. मी नुसता हात केला आणि आत आले. का, कोण जाणे.

फ्लोरिडात मात्र कडाक्याची थंडी. तिथल्या झऱ्याचा थर्मल फोटो आज आला. झऱ्याचं उबदार पाणी केशरी, नदीचं गार पाणी निळं. केशरीत मॅनाटी, थंडी न सोसणारे ते अवाढव्य पाणप्राणी, दाटीवाटीने पडलेले. एकच मादी कडेला, शेपटीकडून अर्धी निळ्यात.

आसपासचं भूजल आणखी उपसलं तर तो केशरी डाग आकसेल. माझं संगणकावरचं मॉडेल तेच सांगतंय. क्रेग, माझा बॉस, म्हणाला, "शोधतील की दुसरा झरा! तसं एक वाक्य अहवालात टाक, स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत, झकास. पण पिल्लू हिवाळ्याची जागा आईकडून शिकतं. ती जागा थंड पडली तरी तिथेच येतं आणि गारठून मरतं.

मग पुण्याहून आईचा फोन.

"तुझ्या पाण्यातल्या म्हशी काय म्हणतात?"

"गारठल्यात."

"आणि तू?"

"मी मजेत. शेजारी चांगले आहेत."

त्या मादीला आत जागा नव्हती, की तीच आत सरकली नाही? फोटोवरून कळत नाही.

क्रेगचं वाक्य टाकलं नाही. लिहिलं, 'हे प्राणी दुसरीकडे जातील असं धरू नये. उपसा वाढवू नये.' पाठवून दिलं. उद्या तो चिडेल.

कुंपणापलीकडे अजून हसताहेत. ब्रेंडाने पुन्हा बोलावलं तर जाईन.

बोलावणार नाही बहुतेक.