इस्त्री विभागातून कुणीच का जात नाही

७ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाली! लाँड्रीची परवानगी मिळाली! मालक म्हणाले, "या, बसा, काय विचारायचं ते विचारा. फक्त मशीन थांबता कामा नये."

साधी लाँड्री नाही ही, कारखानाच आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल इथे गाड्या भरभरून येतात. माझ्या प्रबंधाला याहून चांगली जागा कुठली? माणसं नोकरी का सोडतात, का टिकतात, आणि त्यात वरच्या माणसाच्या वागण्याचा हात किती — हा विषय. बावन्नाव्या वर्षी!

आमचे हे म्हणाले, "मीसुद्धा टिकलोय. माझी मुलाखत कधी घेतेस?"

म्हटलं, तुम्ही सक्तीच्या भरतीतले.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन मोठी दालनं. मध्ये एक काचेचं दार.

उजवीकडे पॅकिंग. घड्या घालायच्या, मोजायच्या, पिशवीत भरायच्या. प्रमुख तरुण, हसतमुख, केस व्यवस्थित. कुणी काही मागितलं की मान हलवतो — "हो हो, करू या, नक्की करू या." बायका त्याला पाठीमागे होहो म्हणतात. मला पाहताच खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. किती गुणी मुलगा!

डावीकडे इस्त्री. लांबलचक गरम रोलर, एका बाजूने ओली चादर आत, दुसऱ्या बाजूने कडक बाहेर. आणि मध्ये उभी — तोफ. हे तिचं टोपणनाव, तिला स्वतःलाही माहीत आहे. साठीच्या अलीकडची, बुटकी, आवाज छप्पर उडवणारा. मी दारात पाय ठेवला मात्र —

"ओ बाई! ओढणी आवरा! रोलरला माणूस आणि चादर यातला फरक कळत नाही!"

मी अक्षरशः उडी मारली. इथून बायका पळून जात असतील यात नवल काय, असं मनात आलं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पळून जात नाहीत! हजेरीचे कारकून म्हणाले, "इस्त्रीतून? छे हो. गेल्या कित्येक वर्षांत कुणी स्वतःहून गेलेलं आठवत नाही. एक गेली ती लग्न होऊन परदेशी. पॅकिंगचं म्हणाल तर मी नावं पाठच करत नाही आता. पाठ होईपर्यंत बदलतात."

म्हणजे गोडबोल्याकडे गळती आणि तोफेकडे गर्दी! माझं गृहीतक होतं नेमकं उलटं. छान झालं. एकदम डोक्यावर पडलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्नावल्या भरून आल्या. आणखीच घोळ.

पॅकिंगच्या बायका सुखी. प्रमुखांचं बोलणं? उत्तम. कामाची जागा? उत्तम. अडचणी? नाहीत. आणि इस्त्रीवाल्या — देवा रे! जागा अपुरी, गरम होतं, पाळीचा क्रम चुकीचा, प्रमुखबाई फार ओरडतात, चहा पाणचट. एकीने तर समासात लिहिलंय : "तुमची प्रश्नावलीपण फार लांब आहे."

म्हणजे ज्या खूश, त्या जातात. ज्या कुरकुरतात, त्या जागच्या हलत नाहीत!

मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "इस्त्री विभाग अपवाद म्हणून बाजूला काढ."

बाजूला काढ! अख्खी धडधडती तोफ बाजूला कशी काढू?

१६ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं चालत नाही. दिवसभर कपाटं आवरली. ह्यांनी घाबरून बाहेरूनच जेवण आणलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज गंमत झाली. चपलांच्या दुकानात गेले, तर माप घ्यायला बसलेली मुलगी ओळखीची! मागच्याच आठवड्यात पॅकिंगमध्ये प्रश्नावली भरत होती — लांब वेणीवाली. शनिवारी सोडलं म्हणे.

"अगं, तू तर सगळीकडे 'उत्तम' लिहिलं होतंस!"

ती हसली. "जायचं ठरलंच होतं. मग कशाला उगाच कटकट?"

"पण सोडलंस का?"

चपलेचा पट्टा लावता लावता सांगत होती — "दिवसभर सिमेंटवर उभं राहून टाचा भरून यायच्या. पायाखाली लाकडी फळी तरी द्या म्हटलं. साहेब म्हणाले, हो हो, करू या. परत विचारलं. हो हो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही इतकं गोड हसले, की मलाच लाज वाटली. मग सांगणं सोडलं. आधी सांगणं सोडलं, मग काम सोडलं."

मी एक पाय अनवाणी तशीच बसून राहिले. आधी सांगणं सोडलं, मग काम सोडलं! घरी येईपर्यंत घोकत होते. दोन्ही चपला घ्यायला विसरले नाही, एवढंच नशीब.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर इस्त्रीत बसले. नुसतं ऐकलं.

एक सडपातळ बाई तोफेच्या अंगावर धावून गेली — "मला परत रोलरच्या तोंडाशीच का?" तोफ तिच्या दुप्पट आवाजात, "कारण ती दुसरी ताप अंगावर घेऊन आलीय! परवापर्यंत बदल नाही म्हणजे नाही!" सडपातळ बाई पाय आपटत गेली. जेवणाच्या सुट्टीत दोघी एकाच डब्यात!

दुसरी म्हणाली, खिडकीची जाळी गच्च झालीय, वारा येत नाही. तोफ तिला तोंडभर बोलली, मग स्वतः स्टुलावर चढून जाळी काढली आणि धुवायला पाठवली.

"नाही" म्हणते तेव्हा कारण सांगते. "हो" म्हणते तेव्हा करून मोकळी होते. म्हणून तर बायका तिच्याशी भांडतात. भांडून उपयोग होतो! कुरकुर हे इथे टिकण्याचंच लक्षण आहे. गप्प झालेलं माणूस मनाने केव्हाच दाराबाहेर गेलेलं असतं.

आज मला इतकं भारी वाटतंय, की ह्यांना दोन वेळा मिठी मारली. "मुलाखत माझी झाली वाटतं," म्हणाले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

भलतंच!

ठरल्याप्रमाणे मालकांना प्रश्नावल्यांतल्या गुणांची, दोन्ही विभागांची सरासरी दिली होती. नावं नाहीत, नुसते आकडे. बाकीचं विश्लेषण यायच्या आतच त्यांनी निर्णय घेऊन टाकला — दोन्ही विभाग होहोकडे, आणि तोफेला खाली, मळके कपडे उतरवून घेतात त्या दारावर! "तुमच्याच अभ्यासात आलंय की, लोक तिच्यावर नाराज आहेत," म्हणाले. वर आभार मानले माझे!

मॅडमना फोन. "संशोधकाने पाहायचं. ढवळाढवळ करायची नाही." बरोबर आहे त्यांचं. पण चमचा माझाच आहे आणि ढवळून झालंय!

२३ फेब्रुवारी, गुरुवार

तोफेला कळलं. मला बघून सरळ चालत आली. मी भिंतीला टेकले.

"माझ्या पोरींनी मला कमी गुण दिले?"

"सरासरी... म्हणजे बोलण्याच्या बाबतीत..."

"मग बरोबरच आहे! मी ओरडतेच. तोंडावर सांगतात तेच कागदावर लिहिलं. पाठीमागे वेगळं बोलत नाहीत माझ्या पोरी." आणि छाती पुढे! जणू पदक मिळालंय. मग जरा थांबून हळू — तिला हळू बोलता येतं हे आजच कळलं — "त्या दारावर मात्र मला करमायचं नाही हो. तिथे भांडायला कुणीच नाही."

उद्या मालकांकडे जाणार. मॅडम रागावल्या तर रागावू देत.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं नीट लिहून ठेवते.

मालकांच्या खोलीत मी, तोफ आणि होहो. मी सांगितलं, सरासरी अर्धीच गोष्ट सांगते. कोण खूश आहे याच्या शेजारी कोण टिकलं तेही बघा. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे तक्रारी जास्त, तो विभाग चांगला? मग मी पॅकिंगमध्ये तक्रारी वाढवू?"

"वाढवू नका. ऐकायला लागा, आपोआप वाढतील."

तोफ खो खो हसली. मालक हसले नाहीत. होहोकडे वळले. "तुम्ही सांगा. दोन्ही विभाग सांभाळाल ना?"

सवयीने त्याची मान हलायला लागली — आणि मध्येच थांबली.

"नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलाच नव्हता. त्याने स्वतःनेसुद्धा नसावा, कारण तो लालबुंद झाला.

"मला दोन्ही नकोत, साहेब. खरं सांगायचं तर एकही नको. मी मशीनचा माणूस. काम चांगलं केलं म्हणून तुम्ही मला प्रमुख केलंत. बायका फळ्या मागतात, मी तुमच्याकडे येतो, तुम्ही म्हणता बघू. मी खाली जाऊन काय सांगू? हो हो म्हणतो. रात्री झोप लागत नाही. मी... मीसुद्धा राजीनाम्याचाच विचार करत होतो."

आणि मी या मुलाला गोडबोल्या समजत होते! बिचारा बायकांच्या 'द्या' आणि मालकांच्या 'बघू'च्या मध्ये सापडला होता.

मालक परत चष्मा पुसायला लागले. तोफच बोलली — अर्थात! "बघता काय नुसते? पोराला मशीनवर पाठवा आणि सुताराला बोलवा!"

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली आता हिची नोकरी. तर फोन उचलून सुतारालाच लावला!

१ मार्च, बुधवार

फळ्या आल्या! पॅकिंगमध्ये बायका त्यावर चढून उतरून बघतायत, लहान मुलींसारख्या.

तोफ आपल्या जागी. होहो मशीनघरात — तेलाने काळा, केस विस्कटलेले, शीळ घालतोय. त्याला म्हटलं, जरा पंखा बघतोस का. "आज नाही जमणार," म्हणाला, आणि दोघेही हसलो.

पॅकिंगला मात्र प्रमुख नाही. मालकांनी तोफेला गळ घातली, तेही सांभाळ म्हणून. "मला एकच घसा आहे," म्हणाली.

६ मार्च, सोमवार

मॅडमनी नवीन प्रकरण वाचलं. आधी चांगलं खडसावलं — अभ्यास कुठे संपतो आणि लुडबूड कुठे सुरू होते, हे प्रामाणिकपणे लिही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण काय गं, सापडलंय तुला." दोनदा म्हणाल्या! आता वर्षभर घरी बसून शांतपणे लिहायचं. ह्यांनी खिडकीजवळ टेबल लावून दिलं. नवा दिवासुद्धा आणलाय.

१३ मार्च, सोमवार

प्रबंधासाठी मॅडमकडून एक वर्षाची मुदतवाढ मागून घेतली. शनिवारी मालकांनी विचारलं होतं, आणि मी ह्यांनाही न विचारता हो म्हणून बसले. आजपासून पॅकिंग माझ्याकडे. दुपारपर्यंत सगळ्या गप्प. मी घाबरलेली. चार वाजता एक जण समोर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही फार हळू मोजता हो, आमची गाडी चुकते!"

इतका आनंद झाला, की मोजत होते तो आकडाच विसरले!